पूर्ण स्तन काढला म्हणजे धोका टळतो का?

या वेळी तीन पत्रे निवडली आहेत. तिन्हींमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे निदान प्रारंभिक अवस्थेत झाले आहे आणि तिन्हींमध्ये पुढचा निर्णय लवकर सांगायचा आहे. पहिल्या पत्राला बरीच जागा दिली आहे, कारण त्यातली भीती मला रुग्ण तपासताना जवळजवळ दर आठवड्याला ऐकू येते.

प्रश्न : माझे वय ४७ वर्षे आहे. तीन आठवड्यांपूर्वी मॅमोग्राफीत डाव्या स्तनात १.८ सेंटिमीटरची गाठ दिसली. बायोप्सीच्या अहवालात ‘इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड २, ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह’ असे लिहिले आहे. काखेतील ग्रंथी सोनोग्राफीत सामान्य दिसल्या. सर्जननी सांगितले की फक्त गाठ काढून नंतर रेडिएशन घेता येईल किंवा पूर्ण स्तन काढता येईल. दोन्ही पर्याय माझ्यासाठी योग्य आहेत आणि निवड मी करायची आहे. घरातले सगळे म्हणतात की मुळापासून काढून टाक, उगाच जोखीम नको. थोरली बहीण तर दुसरा स्तनही आत्ताच काढून घे, म्हणजे कायमची काळजी मिटेल, असे म्हणते. मला स्तन राखावासा वाटतो, पण तसे म्हणताना आपण जिवापेक्षा दिसण्याला जास्त किंमत देतो आहोत असे वाटून अपराधी वाटते. केमोथेरपी लागेल का, हेही अजून कोणी सांगत नाही. मी काय करावे?

उत्तर : तुमच्या अपराधीपणापासूनच सुरुवात करते, कारण तो मनातून गेल्याशिवाय बाकीचे काही नीट ऐकू येणार नाही. तुमच्या सर्जननी तुमच्यासमोर जीव आणि रूप यांतली निवड ठेवलेली नाही. तुमच्यासारख्या आजारात दोन्ही शस्त्रक्रियांनंतर जगण्याची शक्यता सारखीच असते, म्हणून तर त्यांनी निवड तुमच्यावर सोपवली. एक पर्याय जिवाला अधिक धोकादायक असता, तर कोणत्याही जबाबदार डॉक्टरने तो तुमच्यापुढे ठेवला नसता.

‘मुळापासून काढा’ हा विचार पूर्वी डॉक्टरांचाही होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हॉलस्टेड या अमेरिकन सर्जननी स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी असे सगळे एकत्र काढण्याची पद्धत रूढ केली. कर्करोग एका ठिकाणाहून पायरीपायरीने पुढे सरकतो, तेव्हा जितके जास्त कापावे तितके बरे, अशी त्यामागची समजूत होती. अनेक दशके लाखो स्त्रियांनी त्या शस्त्रक्रियेचे परिणाम सोसले: खोल गेलेली छाती, सुजलेला हात, न उचलला जाणारा खांदा. पुढे अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उम्बेर्तो वेरोनेसी यांनी ही समजूत प्रत्यक्ष चाचण्यांतून तपासली. वेरोनेसींच्या चाचणीत २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या ७०१ स्त्रिया होत्या. फिशर यांच्या चाचणीत गाठ ४ सेंटिमीटरपर्यंतची होती आणि स्त्रियांचे तीन गट होते: एका गटात पूर्ण स्तन काढला, दुसऱ्यात फक्त गाठ काढली, तिसऱ्यात गाठ काढून रेडिएशन दिले. दोन्ही चाचण्यांचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. किती स्त्रिया जिवंत राहिल्या, या बाबतीत स्तन काढलेल्या आणि स्तन राखलेल्या गटांमध्ये फरक आढळला नाही.

असे का व्हावे, हे समजले की मन बरेच शांत होते. स्तनाच्या कर्करोगाने जिवाला धोका होतो तो स्तनातल्या गाठीमुळे नव्हे. रोगाच्या पेशी हाडे, यकृत, फुप्फुसे अशा अवयवांत जाऊन तिथे वाढल्या तर होतो. अशा काही पेशी शस्त्रक्रियेच्या आधीच रक्तातून बाहेर पडलेल्या असतील, तर स्तन किती कापला याने त्यांना काहीच फरक पडत नाही. त्यांच्यासाठी सर्व शरीरात पोहोचणारे औषध लागते. तुमच्या अहवालातील ‘ईआर पॉझिटिव्ह’ हे दोन शब्द म्हणूनच इतके मोलाचे आहेत: तुमच्या गाठीच्या पेशी इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनवर वाढतात आणि ते रोखणारी गोळी उपलब्ध आहे. (‘पीआर’ ही प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनची तशीच खूण.) अशा रुग्णांनी टॅमॉक्सिफेन ५ वर्षे घेतल्यास पहिल्या १५ वर्षांतील स्तनाच्या कर्करोगामुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटते. घरातल्या सगळ्या चर्चा शस्त्रक्रियेभोवती फिरतात आणि ही साधी गोळी कोणाच्या लक्षातही येत नाही, याची मला नेहमी खंत वाटते.

आता स्तन राखण्याची दुसरी बाजूही स्पष्टपणे सांगायला हवी. राखलेल्या स्तनात रोग पुन्हा उद्भवू शकतो. फिशर यांच्या चाचणीत २० वर्षांत रेडिएशन न घेतलेल्यांपैकी ३९.२ टक्के स्त्रियांना त्याच स्तनात पुन्हा गाठ झाली, तर रेडिएशन घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण १४.३ टक्के होते. आजची तपासणी आणि औषधे त्या काळापेक्षा पुष्कळ सुधारली आहेत आणि हे प्रमाण आता त्याहून बरेच खाली आले आहे. पण आकडे जे शिकवतात ते तसेच आहे. तुमच्या वयाला स्तन राखायचा असेल, तर रेडिएशन हा त्या निर्णयाचाच अर्धा भाग समजावा. रेडिएशनच्या फेऱ्या पूर्ण करणे काही कारणाने शक्य नसेल, तर ते आत्ताच बोलून ठेवावे. पूर्वी हे उपचार पाच-सहा आठवडे चालत, आता बहुतेक ठिकाणी तीन आठवड्यांत १५ फेऱ्यांत ते पुरे होतात. आणि पूर्ण स्तन काढल्यावर रोग त्या जागी परत येतच नाही, असेही नाही. छातीच्या त्वचेत किंवा व्रणाजवळ तो क्वचित येऊ शकतो.

मग निवड करायची ती कशावरून? स्तन राखल्यास शस्त्रक्रिया लहान असते, त्वचेची जाणीव बहुतांशी टिकते आणि स्त्री लवकर दैनंदिन कामाला लागते. मात्र काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत रोगाच्या पेशी पोहोचल्याचे पॅथॉलॉजीच्या अहवालात दिसले, तर पुन्हा एकदा शस्त्रक्रिया करावी लागते आणि पुढे अनेक वर्षे मॅमोग्राफी चालू ठेवावी लागते. स्तन काढल्यास तुमच्यासारख्या लहान गाठीत रेडिएशन बहुधा टळते, पण अगदीच खात्री देता येत नाही. काखेतील ग्रंथींत रोग सापडला तर ते घ्यावे लागू शकते. स्तनाची पुनर्रचना करायची असेल, तर ती इम्प्लांटने की स्वतःच्या पोटाच्या किंवा पाठीच्या ऊतींनी, त्याच वेळी की नंतर, हे शस्त्रक्रियेच्या आधीच प्लास्टिक सर्जनशी बोलून ठरवावे, कारण रेडिएशन झाल्यास इम्प्लांटभोवती कडकपणा येण्याची शक्यता वाढते.

काही स्त्रियांना पूर्ण स्तन काढणेच योग्य ठरते. स्तनाच्या वेगवेगळ्या भागांत दूरदूर पसरलेल्या गाठी, छातीला पूर्वी झालेले रेडिएशन, नीट आकार राखता येणार नाही इतकी स्तनाच्या मानाने मोठी गाठ, ही त्याची कारणे. आणि सगळी माहिती नीट घेऊनही ज्या स्त्रीला स्तन गेल्याशिवाय रात्री झोप लागणार नाही, तिने तो काढावा. त्या निर्णयाचाही मी तितकाच आदर करते. फक्त तो तिचा असावा, घरातल्यांच्या भीतीने तिच्यावर लादलेला नसावा.

बहिणीच्या सूचनेविषयी. ती प्रेमापोटी बोलते आहे, यात शंका नाही. पण ज्या स्त्रीमध्ये आनुवंशिक दोष नाही, तिच्या दुसऱ्या स्तनात नवा कर्करोग होण्याची शक्यता दरवर्षी साधारण अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी असते आणि टॅमॉक्सिफेनसारखी गोळी ती आणखी घटवते. निरोगी स्तन काढल्याने आत्ताच्या रोगापासून अधिक संरक्षण मिळत नाही. शस्त्रक्रिया मात्र दुप्पट होते आणि तिच्या गुंतागुंतीही वाढतात. बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकांत दोष असल्यास हिशेब वेगळा असतो. म्हणून घराण्यात, आईकडे आणि वडिलांकडेही, स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला आहे का, हे आठवून डॉक्टरांना सांगा आणि जनुकीय चाचणी हवी का ते स्पष्ट विचारा. वडिलांकडची बाजू सांगायची बहुतेक जण विसरतात.

काखेबद्दल पत्रात फारसे लिहिलेले नाही, पण तो प्रश्न जरूर विचारा. ग्रंथी सामान्य दिसत असल्यास आज सर्व ग्रंथी काढत नाहीत. गाठीकडून येणारा लसिकेचा (ऊतींतून वाहणाऱ्या द्रवाचा) प्रवाह ज्या ग्रंथींत आधी पोहोचतो त्या एक-दोन ‘सेंटिनेल’ ग्रंथी रंगद्रव्याने किंवा किरणोत्सारी द्रव्याने ओळखून तेवढ्याच काढतात. सर्व ग्रंथी काढल्यावर साधारण पाचांतल्या एका स्त्रीच्या हाताला कायमची सूज येते. सेंटिनेल पद्धतीत हे प्रमाण विसात एकीच्या आसपास असते. सेंटिनेल ग्रंथींपैकी एका-दोनांत रोग सापडला तरी, स्तन राखून पूर्ण स्तनाला रेडिएशन देणार असल्यास, उरलेल्या ग्रंथी काढण्याची गरज बहुधा नसते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने हे दाखवून दिले. हाताची सूज आयुष्यभर सांभाळणाऱ्या स्त्रिया पाहिल्यावर हा बदल किती मोठा आहे हे कळते.

केमोथेरपीविषयी कोणी काही सांगत नाही, कारण आत्ता सांगता येण्यासारखे पुरेसे हाती नाही. गाठीचा खरा आकार आणि ग्रंथींची स्थिती शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात कळते. तुमच्यासारख्या ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह (म्हणजे पेशींची वाढ घडवणारे हर-टू हे प्रथिन जास्त नसलेल्या) गाठीत त्यानंतर २१ जनुकांची चाचणी करता येते. तिच्यातून शून्य ते शंभर असा गुणांक मिळतो. या चाचणीवरील दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले आणि ११ ते २५ गुणांकाच्या बहुसंख्य स्त्रियांना फक्त हार्मोन रोखणारी गोळी पुरेशी असल्याचे दिसले. मात्र ५० वर्षांपर्यंतच्या स्त्रियांमध्ये १६ ते २५ गुणांकाला केमोथेरपीचा काहीसा फायदा आढळला. तुमचे वय ४७ असल्याने आणि मासिक पाळी चालू असल्यास, या तपशिलावर तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टशी (कर्करोगतज्ज्ञाशी) सविस्तर बोलणे आवश्यक आहे.

शेवटी वेळेविषयी. ही गाठ कालपरवा उद्भवलेली नाही. ती हाताला किंवा मॅमोग्राफीत येण्याआधी बहुधा काही वर्षे वाढत होती. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यात आणि विचार करण्यात एक-दोन आठवडे गेल्याने नुकसान होत नाही. काही महिने मात्र जाऊ देऊ नका. डॉक्टरांकडे जाताना एक विश्वासू माणूस आणि एक वही सोबत न्या, उत्तरे लिहून घ्या आणि बायोप्सीच्या अहवालाची प्रत स्वतःजवळ ठेवा. माझे मत विचारलेत, म्हणून सांगते: रेडिएशन पूर्ण करण्याची तुमची तयारी असेल आणि जनुकीय चाचणीत काही निघाले नाही, तर स्तन राखण्याच्या तुमच्या इच्छेत वैद्यकीयदृष्ट्या काहीही चूक नाही.

प्रश्न : माझ्या आईचे वय ७२ वर्षे आहे. तिच्या स्तनातील १.२ सेंटिमीटरची गाठ काढली. कडा मोकळ्या आहेत, काखेतील ग्रंथी निरोगी आहेत आणि ईआर ठळकपणे पॉझिटिव्ह आहे. डॉक्टर म्हणतात की रेडिएशन दिले नाही तरी चालेल. वय झाले म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष तर होत नाही ना, अशी मला शंका येते. तिला आम्ही ‘साधी गाठ होती’ एवढेच सांगितले आहे. कर्करोगाचे नाव ऐकून ती खचेल, असे भावाला वाटते.

उत्तर : पहिली शंका रास्त आहे, परंतु या बाबतीत ती मनातून काढून टाकावी. ६५ वर्षे आणि त्यापुढील, ३ सेंटिमीटरपर्यंतच्या हार्मोन पॉझिटिव्ह गाठी आणि निरोगी ग्रंथी असलेल्या १३२६ स्त्रियांवर नेमकी हीच तुलना झाली आणि तिचे १० वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. रेडिएशन न घेतलेल्यांपैकी ९.५ टक्के आणि घेतलेल्यांपैकी ०.९ टक्के स्त्रियांना त्याच स्तनाच्या परिसरात रोग पुन्हा झाला. जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत सुमारे ८१ टक्के, म्हणजे सारखेच होते. आईला रेडिएशन नको म्हणण्यात म्हणूनच हयगय नाही. उलट बाजूने, दहा वर्षांतील ती नऊ-दहा टक्क्यांची शक्यताही तिला नको असेल, तर योग्य रुग्णांसाठी एका आठवड्यात पाच फेऱ्यांत होणारे रेडिएशनही आता आहे. त्याविषयी जरूर विचारा.

पण रेडिएशन वगळण्याचा हा सगळा आधार एका अटीवर उभा आहे, आणि ती म्हणजे हार्मोन रोखणारी गोळी ५ वर्षे नियमित घेणे. इथेच मला तुमच्या दुसऱ्या मुद्द्याची खरी काळजी वाटते. ज्या बाईला आपल्याला काय झाले होते हेच माहीत नाही, ती पाच वर्षे रोज गोळी का घेईल? मासिक पाळी थांबलेल्या स्त्रियांना बहुधा अरोमाटेज इन्हिबिटर गटातील (शरीरात इस्ट्रोजेन तयार होणे रोखणारी) गोळी देतात; तिने सांधे दुखतात आणि हाडे ठिसूळ होऊ शकतात. सहा महिन्यांनी गुडघे दुखू लागले की ‘साध्या गाठीसाठी’ चालू असलेली गोळी आई शांतपणे बंद करील, आणि तुम्हाला कळणारही नाही.

माझ्या अनुभवात, वयस्कर माणसांना आपल्यापासून काहीतरी लपवले जाते आहे हे बहुधा समजलेले असते, आणि घरातल्यांना सांभाळून घेण्यासाठी तीही गप्प राहतात. मग दोन्ही बाजू एकटेपणाने तीच भीती वाहतात. भावाला विश्वासात घ्या आणि आईला एका निवांत दुपारी सांगा: गाठ कर्करोगाची होती, ती लवकर सापडली, पूर्ण निघाली आणि आता एक गोळी पुरेल. ही चांगली बातमी आहे, आणि ती ऐकण्याचा हक्क सर्वांत आधी तिचा आहे. आधी तिला किती जाणून घ्यायचे आहे ते विचारा. तपशील नको म्हणाली तर तेवढ्यावर थांबा. गोळी सुरू होण्यापूर्वी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या आणि कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाविषयी विचारा. सांधेदुखी सुरू झाली, तर गोळी बंद करण्याऐवजी डॉक्टरांना कळवायचे, हे आईलाच समजावून सांगा. गोळी बदलून पाहता येते.

प्रश्न : माझे वय ३४ वर्षे आहे. गाठ २.६ सेंटिमीटरची असून ‘ट्रिपल निगेटिव्ह’ आहे. डॉक्टर आधी केमोथेरपी आणि मग शस्त्रक्रिया म्हणतात. इतके महिने गाठ अंगात ठेवायची या कल्पनेने मी घाबरले आहे. मला अजून मूल नाही.

उत्तर : तुमच्या प्रकारच्या, म्हणजे ईआर, पीआर आणि हर-टू तिन्ही निगेटिव्ह असलेल्या गाठीत आधी केमोथेरपी देणे ही आजची प्रस्थापित पद्धत आहे, शस्त्रक्रियेची टाळाटाळ नव्हे. गाठ जागेवर असल्यामुळेच औषध लागू पडते आहे का, हे डॉक्टरांना पाहता येते. शस्त्रक्रियेच्या वेळी रोगाचा मागमूस उरला नसेल, तर पुढचे भवितव्य पुष्कळ चांगले असते; काही उरलेच, तर त्यानुसार पुढचे औषध ठरवता येते. शस्त्रक्रिया आधी केली, तर ही माहिती कायमची हातची जाते. शिवाय गाठ आकसल्यास स्तन राखणे सोपे होते. या आकाराच्या ट्रिपल निगेटिव्ह गाठीत केमोथेरपीबरोबर इम्युनोथेरपीही (शरीराची प्रतिकारशक्ती रोगाविरुद्ध जागी करणारे औषध) देता येते, तिच्याविषयी विचारा. मधल्या काळात तुमची नियमित तपासणी होईल आणि गाठ वाढताना दिसली, तर योजना बदलता येईल.

पहिली केमोथेरपी सुरू होण्यापूर्वी मात्र तीन गोष्टी व्हायला हव्यात. गाठीच्या जागी धातूची बारीक क्लिप बसवून घ्यावी, कारण गाठ पूर्ण विरघळली तर नेमके कुठले ऊतक काढायचे हे नंतर सर्जनला तिच्यावरूनच कळते. बीआरसीए चाचणीचा नमुना आत्ताच पाठवावा, कारण तुमच्या वयात आणि या प्रकारात तिचा निकाल शस्त्रक्रियेची निवड आणि पुढचे औषध, दोन्ही बदलू शकतो. आणि मुलाविषयीचा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी, जणू संकोचाने लिहिला आहे. तो डॉक्टरांना सगळ्यात आधी विचारा. केमोथेरपीने बीजांडे कमी होऊ शकतात. बीजांडे किंवा भ्रूण गोठवून ठेवण्यासाठी साधारण दोन आठवडे लागतात आणि ते उपचार सुरू होण्याआधीच करता येते. म्हणून या आठवड्यातच वंध्यत्वतज्ज्ञांची भेट ठरवा आणि तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टना त्यांच्याशी बोलायला सांगा, म्हणजे केमोथेरपीची तारीख दोघे मिळून ठरवू शकतील.